पाणकिड्यांचे मास्तर

मी जात्याच संशयी बाई आहे. गवळ्यानं दूध घातलं की त्यात बोट बुडवून बघणारी, आणि नवरा "आलोच" म्हणून बाहेर पडला की तो कुठल्या गल्लीला वळतो ते दारातनं पाहणारी. त्यामुळं मास्तर आमच्याकडं भाड्यानं राहायला आले तेव्हा घरात सगळ्यात आधी वास मला आला, आणि मी सासऱ्यांना सांगितलंसुद्धा, "अप्पा, हा माणूस सरळ न्हाई."

अप्पांनी माझं ऐकलं नाही. पण दिवस असे होते की माझ्यासारख्या बाईचं ऐकायला हवं होतं. निजामाचं राज्य गेलं ती पोलीस ॲक्शन होऊन फार काळ लोटला नव्हता. आमचं गाव हुलसूरच्या बाजूचं, बाजारहाट कल्याणीचा. कालपर्यंत सलाम करणारे रामराम करायला लागले होते आणि समोरून रामराम आला की मनात यायचं, ह्यानं त्या दिवसांत काय केलं असेल? कोणी नवा माणूस गावात दिसला की सरकारी, आणि जुना माणूस चार दिवस दिसला नाही की पळाला, असा हिशेब होता. शाळेत उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मराठी शिकवायला मास्तर मिळत नव्हते. तशात हे आले. हडकुळे, पांढरी टोपी, डोळ्यांवर जाड भिंगं, बरोबर एक लोखंडी पेटी आणि एक बांबू. बांबूच्या टोकाला गोल कडं आणि त्याला मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवलेली.

अप्पांनी पाटावर बसवून विचारलं, "मास्तर, गाव कोणतं म्हणायचं?"

"पुण्याच्या अलीकडचं."

"मग इतक्या लांब कामून आलाव?"

मास्तरांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तुमच्याकडे पाणी निरनिराळ्या तऱ्हेचं आहे."

आता मला सांगा, हे काय उत्तर झालं? पोटासाठी आलो म्हणावं, बदली झाली म्हणावं. मी आतून पाण्याचा तांब्या देता देता त्यांच्या पेटीकडं पाहिलं. तिला दोन कुलपं होती.

पहिल्याच रविवारी मास्तर बांबू खांद्यावर टाकून निघाले आणि पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊन पालथे पडले. मग धोब्याच्या डोहावर गेले. मग देवळामागच्या कुंडावर. जाळी पाण्यात फिरवायची, पांढऱ्या परातीत उलटी करायची आणि परातीत नाक घालून बसायचं. तासन् तास! गावात बोभाटा झाला. कोणी म्हणालं, त्या धामधुमीत लोकांनी विहिरींत सोनं टाकलं, ते हा शोधतोय. पाटलाला वेगळीच धास्ती. त्या वर्षी विहिरींत नुसतं सोनंच टाकलेलं नव्हतं, तलवारी आणि बंदुकाही टाकल्या होत्या, आणि कोणाच्या विहिरीत कोणी काय टाकलं हे सगळ्यांना ठाऊक असून कोणालाच ठाऊक नव्हतं. पाटलानं आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या मालकांना, दुकानात गाठून विचारलं, "तुमचा भाडेकरू सीआयडी तर न्हाई?" ह्यांनी घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, "सीआयडी असता तर धोतर एवढं भिजवून घेतलं नसतं. आबकारीवाला असंल." कारण मास्तरांनी मला स्पिरिट कुठं मिळतं ते विचारलं होतं आणि त्या दिवसांत तसं विचारणारा माणूस एकतर पिणारा नाहीतर पकडणारा.

मग एक दिवस मास्तर शाळेत गेल्यावर मी त्यांची खोली झाडायच्या निमित्तानं आत गेले. पेटीला कुलपं होतीच. पण खिडकीत लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या. एकीत पाणी, आणि पाण्यात चिंचोक्याएवढे काळे कुळकुळीत किडे वरखाली करायलेत! दुसऱ्या बरणीत स्पिरिट आणि त्यात मेलेले किडे. अगं बाई, मला शिसारी आली. एवढा शिकलेला माणूस आणि किडे पाळतो? संध्याकाळी मी तोंडावर विचारलं.

मास्तर घाबरले नाहीत. उलट खूश झाले. "अक्का, बसा, बसा. हे बघा, ह्या बरणीत दोन तऱ्हेचे किडे आहेत. सांगा बघू कोणते कोणते."

"मला तर सगळे एकच दिसायलेत."

"तीच तर गंमत. एक पोहताना मागचे दोन्ही पाय एकदम मारतो, बेडकासारखे. दुसरा पाळीपाळीनं मारतो, चालल्यासारखे. एकदम मारतो तो शिकारी. मासा धरतो, बेडकाची पिल्लं खातो. पाळीपाळीनं मारतो तो गरीब, कुजका पाला खातो. आता हवा घ्यायला वर कसा येतो ते बघा. शिकारी शेपटी वर काढतो. गरीब डोकं वर काढतो. पंखाखाली हवेची थैली भरतो आणि पुन्हा खाली जातो."

मी बघत राहिले. खरंच, एक शेपटीनं वर येई आणि दुसरा डोक्यानं. मास्तर हळूच म्हणाले, "आणि ह्या गरिबाच्या तोंडाशी लांब मिशा दिसतायत ना? त्या मिशा नाहीतच. खऱ्या मिशा त्यानं गालाखाली दडवल्या आहेत, आखूड, पुढं गाठ असलेल्या. मोठमोठे लोक फसले आहेत."

माणसांवर संशय घेणारी मी, आणि हा बाबा किड्याच्या मिशांवर संशय घेत होता! त्या दिवसापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. संशय मात्र राहिला. तो माझा मी सोडत नसते.

मास्तर माझ्याही वरताण निघाले. माझा संशय काही झालं तरी घरगुती. त्यांचा संशय सगळ्या दुनियेवर. कोणी म्हणालं, "हुलसूरला काल पाऊस पडला," की मास्तर विचारणार, "तुम्ही स्वतः पाहिलात?" त्यानं "न्हाई, मेव्हणा म्हणाला" म्हटलं की मान हलवणार आणि पाऊस पडलाच नाही असं धरून चालणार. शाळेत पोरांनी किडा आणला की तीन खुणा सांगितल्याशिवाय त्याचं नाव नाही. पाटलाचा पोरगा म्हणाला, "मास्तर, ह्यो पाण्यावर गोल गोल फिरतो, म्हंजे ह्यो भोवरा." मास्तर म्हणाले, "फिरतो ही एक खूण झाली. तुझा बापही बाजारात गोल फिरतो." पोरानं भिंगातून बघितलं तर किड्याला चार डोळे, दोन पाण्याच्या वर बघायला, दोन पाण्याखाली बघायला. पोरगा घरी जाऊन म्हणाला, आपल्या गावात असे चार डोळेवाले लई हाईत. त्यावरून पाटील आठवडाभर मास्तरांशी बोलला नाही.

एकदा त्यांना गावाकडनं सांगावा आला की आईला बरं नाही. सांगावा घेऊन आलेल्या माणसाची मास्तरांनी ओट्यावर उलटतपासणी घेतली. तू आईला पाहिलंस का, निजलेली होती की बसलेली, खोकत होती का. तो बिचारा चिडून म्हणाला, "जायचं तर जावा, न्हाईतर ऱ्हावा!" मग मास्तर गेले. आई खरीच आजारी होती. परत आल्यावर मी विचारलं, "आता तरी पटलं का?" तर म्हणतात, "हो, पाहिलं ना." असा माणूस. रागवावं तरी पंचाईत.

त्यांचे किडे माझ्या घरात शिरले तो दिवसही सांगून टाकते. शिकारी किड्यांना खायला म्हणून ते परसात एका घंगाळात बारके जिवंत मासे ठेवायचे. आम्ही बसवण्णांना मानणारी माणसं, घरात मासळीचा वास नाही आणि परसात मासे! अव्वा, माझ्या सासूबाई, कन्नडात असं काही बोलल्या की मी ते मराठीत सांगणार नाही. पण कहर झाला तो एका किड्यानं घंगाळातून उडून शेजारच्या हौदात उडी घेतली तेव्हा. हो, उडतात ते मेले. अप्पांनी तोंड धुवायला हौदात हात घातला आणि ओरडले. बोटाला कडकडून चावला होता. मास्तर पळत आले. मला वाटलं बोट बघतील. त्यांनी हौदात बघितलं आणि विचारलं, "अप्पा, चावला तेव्हा पाय कसे मारत होता?"

अप्पांनी त्यांना घराबाहेर काढायचं ठरवलं होतं. मस्तानभाई मध्ये पडले म्हणून राहिले.

मस्तानभाई आमच्या गावचे पखालवाले. हल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर कातडी पखाल टाकून पाणी पोचवायचं, हे त्यांच्या घराण्याचं काम. शाळेच्या झाडांना, चावडीपुढच्या धुळीवर, बांधकामाला, लग्नाच्या मांडवात सडा मारायला पाणी मस्तानभाईंचं. धामधुमीच्या वर्षी त्यांच्या गल्लीतली बरीच घरं निघून गेली. मस्तानभाई आणि त्यांची बायको राहिले. "मेरे पानी के बगैर तुम्हारे झाडां मर जाते," एवढंच ते म्हणायचे. मी ह्या गावात सून म्हणून आले ते त्यांनी मारलेल्या सड्यावरून. माझ्या मांडवातली धूळ त्यांनी बसवली होती. माझ्यासारखी संशयी बाई सगळ्या गावात एकाच माणसावर निर्धास्त होती आणि तो माणूस मस्तानभाई.

मास्तरांना विहिरींची माहिती तेच पुरवायचे. कुठल्या विहिरीला उन्हाळ्यात शेवाळ येतं, कुठला डोह आटत नाही. मास्तर त्यांचंही लगेच धरायचे नाहीत. स्वतः जाऊन बघायचे. मस्तानभाई हसायचे आणि मला म्हणायचे, "अक्का, ये मास्तर आदमी अच्छे हैं, पन मेरी बात कू भी जाली में डाल के देखते."

ज्या उन्हाळ्याचं मी सांगतेय त्या उन्हाळ्यात दर्ग्याजवळची विहीर आटली. मस्तानभाई तिथलंच पाणी भरायचे. गावात पाणी राहिलं फक्त बारवेला. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर, सगळ्या गावाची, पण तिच्यात पखाल बुडवायची वहिवाट नव्हती. मस्तानभाईंनी पाटलाला विचारलं. पाटील ना हो म्हणाला ना नाही म्हणाला. शाळेची झाडं वाळायला लागली तेव्हा मस्तानभाईंनी खालच्या पायरीवरून पखाल भरली.

झालं! कातड्यानं बारव बाटली. चार थोर माणसं बसली आणि बारव शुद्ध करायची ठरली. घरोघरी सांगणं गेलं. घागरी घागरी दूध आलं, दही आलं, तूप आलं, पाट्या भरभरून शेण आलं, गोमूत्र आलं, गाडीभर बेलाचा पाला आला. आम्ही बसवण्णांचे शरण लोक, आमच्या अप्पांना हे सोवळं पटत नव्हतं, पण गावाबरोबर राहायचं म्हणून त्यांनीही दोन घागरी दूध दिलं. मी मनात म्हटलं, लेकराबाळांच्या तोंडचं दूध पाण्यात! सगळं बारवेत ओतलं, भटजींनी मंत्र म्हटले आणि बारव शुद्ध झाली. पाणी आधीच तळाला गेलेलं होतं. मस्तानभाईंना ताकीद मिळाली आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटलं.

आमच्याकडं बारवेत बारीक मासे सोडायची रीत आहे. नवरी पहिल्यांदा पाण्याला गेली की तिच्या हातानं चार मासे सोडतात. मासे हिंडताहेत तोवर पाणी जिवंत, असं म्हणतात. माझ्या हातानं सोडले होते, अव्वांच्याही हातानं सोडले असतील. थोड्या दिवसांनी सकाळी बायका पाण्याला गेल्या तर सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. एका बाईनं घागर टाकली आणि बोंब मारली, "इख घातलं गं! बारवेत इख घातलं!"

कोणी घातलं हे विचारायलासुद्धा कोणी थांबलं नाही. दुखणं हल्याला आणि डाग पखालीला म्हणतात तसंच. राग धरला मस्तानभाईनं, सूड घेतला मस्तानभाईनं. मी पोचले तेव्हा बारवेच्या कट्ट्यावर माणसांची दाटी होती. मस्तानभाई खाली मातीत उकिडवे बसलेले, डोक्यावरचं मुंडासं कोणीतरी पाडलेलं. त्यांची बायको लांब लिंबाखाली तोंड झाकून उभी होती. पखाल फाडून टाकली होती. पाटील म्हणत होता, दिवस मावळायच्या आत ह्यानं गाव सोडावं, नाहीतर पोरं काय करतील ते मी सांगू शकत न्हाई. पोरं म्हणजे कोण आणि काय करतील हे त्या वर्षांत कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं.

मास्तर जाळी घेऊन आले. कोणाशी न बोलता पायऱ्या उतरले, जाळी फिरवली आणि परात वर घेऊन आले. परातीत किडे पळत होते.

"विष नाही," ते म्हणाले. "किडे जिवंत आहेत. उलट वाढले आहेत. हे सगळे पाळीपाळीनं पाय मारणारे, कुजकं खाणारे. पाण्यात कुजतंय काहीतरी."

भटजी म्हणाले, "विषातला किडा विषातच जगतो मास्तर. शास्त्रात सांगितलंय."

लोकांनी माना डोलावल्या. मास्तरांनी भिंगं पुसली. "अहो, मासा पाण्यातली हवा घेतो. किडा वर येऊन आपली हवा आपण घेऊन जातो. म्हणून मासे मेले आणि किडे राहिले. विष असतं तर दोन्ही मेले असते. पाण्यातली हवा संपली आहे. तुम्ही दूध, शेण, पाला टाकलात, ते कुजलं, त्यानं हवा खाल्ली."

मला तिथंच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. खरं असेल हो, पण बोलायची काही रीत? भटजी लाल झाले. "म्हणजे गाईच्या दुधानं मासे मेले? गोमूत्रानं मेले?"

"हो."

"ऐकलंत? आणि हा पोरांना शिकवायलाय!"

गर्दीतनं कोणी ओरडलं, "विष न्हाई ना? मग पिऊन दाखवा!"

"मी पिणार नाही," मास्तर म्हणाले. "घाण आहे ते. आणि मी पिऊन मेलो नाही तर काय सिद्ध होईल? माझी प्रकृती चांगली आहे एवढंच."

लोक खवळले. पाटलानं हात वर केला आणि मास्तरांच्या अगदी पुढ्यात जाऊन विचारलं, "मास्तर, एकच सांगा. ह्या मस्ताननं पाण्यात काही घातलं का न्हाई?"

मस्तानभाईंनी मान वर केली. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांची सुटका झाल्यासारखं दिसत होतं, कारण आता विचारलं होतं ते ओळखीच्या माणसाला.

मास्तर म्हणाले, "ते मला माहीत नाही. मी पाहिलेलं नाही."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. अरे माणसा! ज्यानं तुला विहिरी दाखवल्या, ज्यानं तुझं बिऱ्हाड राखलं, त्याच्यासाठी एक शब्द? मस्तानभाईंनी मान पुन्हा खाली घातली.

"बघा!" पाटील म्हणाला. "ह्यांनासुद्धा खात्री न्हाई."

"पाण्याची खात्री आहे," मास्तर म्हणाले. "दाखवतो. माझ्या घंगाळातले मासे आणा. आणि दोन घागरी बारवेचं पाणी. हळू बुडवून आणा, हेंदकाळू नका. मग एक घागर तशीच ठेवायची. दुसरीचं पाणी उंचावरनं ओतायचं, ह्या भांड्यातनं त्या भांड्यात, पुष्कळ वेळा. विष असलं तर ओतून जाणार नाही. हवेची उणीव असली तर भरून निघेल."

कोण हात लावणार त्या पाण्याला? सगळे मागं सरकले. मी पदर खोचला. अव्वा कन्नडात म्हणाल्या, "बेड, बेड," नको नको. आमचे हे नुसते बघत राहिले. मी पायऱ्या उतरले, घागरी भरल्या आणि वर येऊन ओतायला लागले. तापलेलं दूध निववतो तसं, एक हात डोक्याच्या वर, एक कमरेखाली, ह्यातनं त्यात, त्यातनं ह्यात. वास येत होता. खांदे भरून आले. मास्तर मध्येच म्हणाले, "अजून." मी म्हटलं, "गप्प बसा." 

एका घंगाळात न ओतलेलं पाणी, दुसऱ्यात ओतलेलं. दोन्हींत मास्तरांनी मासे सोडले. पहिल्यातले मासे लगेच वर आले आणि तोंड उघडून उघडून वारा गिळायला लागले. थोड्या वेळानं एक आडवा झाला. मग दुसरा. दुसऱ्या घंगाळातले मासे तळाशी हिंडत होते, खुशाल, जसे लग्नाला आलेत. लोक वाकून वाकून बघायला लागले. पाटलाचा पोरगा म्हणाला, "आबा, पाणी तर एकच हाय!" पाटलानं त्याला मागं ओढलं, पण त्यालाही दिसलं होतं.

पाटील खाकरला. "बरं. विष न्हाई म्हणायचं. मस्तान, उठ. ऱ्हा गावात. कोणी काही म्हणणार न्हाई तुला." दूधशेणाचं कोणी नाव काढलं नाही. घोळका सुटायला लागला, जसा बाजार उठतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलो.

मस्तानभाई उठले. मुंडासं उचलून झटकलं, बांधलं. मग घंगाळापाशी आले आणि हिंडणाऱ्या माशांकडं बघत बसले.

"मच्छी की बात सच्ची निकली," ते पाटलाला म्हणाले. "तुमच्या बापाच्या लग्नात मेरे बाप ने पानी मारा. तुमच्या लग्नात मैं. गावानं माशाचं ऐकलं. मेरे कू किसी ने पूछा भी नहीं."

"आता सोड की मस्तान," पाटील म्हणाला. "झालं गेलं."

मस्तानभाई मास्तरांकडं वळले. "आपकू भी नहीं मालूम था, मास्तर?"

मास्तर भिंगं पुसायला लागले. मस्तानभाईंनी थोडा वेळ वाट पाहिली. मग हल्या सोडला आणि बायकोला घेऊन घरी गेले. त्याच आठवड्यात त्यांनी गाव सोडलं. कोणी हाकललं नाही, कोणी थांबवलंही नाही. मी रस्त्यापर्यंत गेले होते. त्यांची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. शाळेची झाडं पावसाच्या आधीच गेली.

मास्तर त्यानंतरही रविवारी जाळी घेऊन निघायचे, पण रिकामी परात घेऊन परत यायचे. एके दिवशी मी तांदूळ निवडत बसले होते तर ओट्यावर येऊन बसले. "अक्का, त्या दिवशी तुम्ही पाणी ओतलंत. हवेचं तुम्हांला पटलं होतं?"

"छे! मला काय कळतंय हवेतलं?"

"मग ओतलंत कशाला?"

"मस्तानभाईंनी केलं न्हाई म्हणून."

"पण ते तुम्हांला कसं माहीत? तुम्ही पाहिलं नव्हतंत."

मी सूप खाली आपटलं. "कसं म्हंजे काय? मी सगळ्या जगावर संशय घेते मास्तर. दुधावर घेते, नवऱ्यावर घेते, तुमच्यावर तर अजून घेते. पण एखाद्या माणसापाशी थांबायचं असतं! सगळीकडं जाळी घालून कसं चालंल? तुम्हांला ते म्हणायला काय झालं होतं? जीभ झडली असती का?"

मास्तर उठून खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, हे मला त्यांच्या ताटावरून कळलं; घासून ठेवलेलं ताट तसंच कोरडं होतं.

वर्षभरानं त्यांची बदली झाली. त्याच सुमाराला मला बिदरला भावाकडं जायचं होतं. मास्तर म्हणाले, मीही बिदरपर्यंत येतो. बिदरला उतरल्यावर म्हणाले, "अक्का, इथून जवळच मैलूरला याल का माझ्याबरोबर? मस्तानभाई तिथं आहेत असं ऐकलंय." ऐकलंय! त्यांच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. भाऊ मला न्यायला येऊन थांबला होता, तरी मी गेले.

मैलूरला एक मोठं बांधकाम चाललं होतं. गवंडी भिंत चढवत होते आणि मस्तानभाई खांद्यावर लहान कातडी मशक घेऊन विटांवर पाणी मारत होते. हल्या दिसला नाही. विकला असेल. मला बघून त्यांचा चेहरा फुलला, "अरे, अक्का!" आणि मास्तरांना बघून मिटला.

मास्तरांनी टोपी काढून हातात धरली. उन्हात त्यांचं डोकं चमकत होतं. ते मोठ्यानं बोलले, एवढ्या मोठ्यानं की गवंडी वळून बघायला लागले.

"मस्तानभाई, तुम्ही पाण्यात विष घालणार नाही. कधीच घालणार नाही. हे मला त्या दिवशी सगळ्या गावासमोर म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आज म्हणायला आलोय."

मस्तानभाई विटांवर पाणी मारत राहिले. मशक रिकामी झाली तशी त्यांनी ती खाली ठेवली.

"अब बोले, मास्तर. यहाँ कौन है सुनने कू?"

"तुम्ही," मास्तर म्हणाले.

मस्तानभाईंनी पाठ फिरवली. ओल्या हातानं त्यांनी तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिले. मी तिथंच विटांच्या ढिगावर बसले आणि पदर तोंडाला न लावता, गवंड्यांच्या देखत, मोकळी रडले.